पिन माझ्या हातात होती

१

माझं नाव कासम. दौंडच्या बर्फ कारखान्यात लाद्या ओढता ओढता माझी पाठ वाकली. कारखाना बंद पडला, मालक बापूसाहेब पुण्याला जाऊन राहिले आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेले. ती अजून माझ्याकडंच आहे. शाळा मी फारशी बघितली नाही. त्यामुळं घडलं तेवढंच लिहितो, वर लोणी लावत नाही. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, मला काही फरक पडत नाही.

मुजीब हा माझ्या धाकट्या बहिणीचा, सुगराबीचा, एकुलता एक. तिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव नाही, सगळा जीव वायरीत. गावात इंटरनेट नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट, दोन हजार सात साल असंल. गच्च्यांवरनं वायरी ओढून मुजीबनं अर्ध्या दौंडात इंटरनेट पोचवलं होतं. तिकडं शिरूरला त्याचा भागीदार जालिंदर. मधी न्हावऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर एक ताटली बसवलेली, तिच्यातनं दौंड आन् शिरूर एकमेकाला जोडलेलं. दिसायला काही नाही, हवेतनं.

ह्या धंद्यात लागतात ती खोकी. कुणाला राऊटर म्हणतात, कुणाला स्विच. पहिल्यांदा स्विच म्हणाला तवा मी भिंतीवरचं बटण दाबलं, आणि तो पोट धरून हसला होता. ही खोकी उन्हानं तापून बंद पडायची. म्हणून मुजीबनं मला गळ घातली, "मामू, बर्फाची खोली द्या. भिंती एवढ्या जाड, आत ऊन न्हाई, धूळ न्हाई." मी दिली. बर्फ कधीच गेला होता, पण त्या खोलीला चारी बाजूनी बुचाचे जाड तक्ते आहेत. ऐन मे महिन्यात सुद्धा आत गेलं की अंगावर काटा यायचा.

खोक्यात कंपनीनं घातलेलं सिस्टिम त्याला चालायचं नाही. तो ते काढून दुसरं घालायचा, फुकटचं. मी म्हणालो, "फुकट म्हंजी चोरीचं का?"

"चोरीचं न्हाई हो. जगभरची माणसं लिहित्यात आन् मोकळं सोडून देत्यात. कुनीबी घ्यावं, कुनीबी बदलावं."

"मालक कोण मग त्याचा?"

"कुनीच न्हाई."

"मालक न्हाई ती वस्तू घरात घेऊ नये," मी म्हणालो. तो हसला. त्यातलं पाहिजे ते तो ठेवायचा, नको ते टाकायचा, वर आपलं नाव लिहायचा आणि सगळं कॉम्प्युटरला शिजवायला लावायचा. त्याला तो बिल्ड म्हणायचा. शिजलं की खोक्यात ओतायचं.

ओतताना दोन माणसं लागायची. बर्फाच्या खोलीत विजेचा बोर्ड नाही, पूर्वीपासून नाही. बोर्ड बाहेरच्या पडवीत. म्हणून खोक्याची वायर पाईपाच्या भोकातनं बाहेर आणलेली, आणि पिन माझ्या हातात. मुजीब आत लॅपटॉप घेऊन बसायचा, तो बॅटरीवर चालायचा. त्यानं मला समजावलं होतं ते असं : बिघडलेलं खोकं चालू होताना थोडा वेळ कान देऊन बसतं. वायरीवर जो कोणी असंल त्याचं ऐकतं. ओळख विचारत नाही. तेवढ्यात त्याला नवीन सिस्टिम द्यायचं. वेळ गेली की ते दार लावून घेतं, मग पुन्हा पिन काढा, पुन्हा लावा. आणि कॉम्प्युटर सारखा त्याला हाक मारत राहतो, आहेस का, आहेस का. खोकं उठलं की जवाब येतो.

"काढा मामू."

"काढली."

"लावा."

"लावली. आणखी काय, नाचू?"

असं आमचं दुपारभर चालायचं.

२

त्या दिवशी एक जुनं खोकं मेलं होतं. मुजीब म्हणायचा, वीट झाली. कितीदा पिन काढली, कितीदा लावली, जवाब नाही. माझा हात दुखायला लागला.

"काढा."

काढली. तपकिरीची डबी काढायची म्हणून मी जरा थांबलो. पिन डाव्या हातात, डबी उजव्या. नाकात चिमूट घातली, शिंक काही येईना.

आतनं ओरडला, "आला! मामू, जवाब आला! आता हात लावू नका, सोडतोय सिस्टिम."

मी हातातल्या पिनेकडं बघितलं. पितळेचे दोन दात, माझ्या चिमटीत.

"मुजीब, पिन माझ्या हातात हाय."

"मस्करी नका करू, चाललंय हिकडं."

"आरं हातात हाय म्हणतो ना. डोळं फुटलं का माझं?"

"मामू, गप बसा जरा!"

त्याच्या तोंडाला लागून उपयोग नसतो, आईवर गेलाय. आतनं काही आवाज नाही. पडवीत माशी घोंघावत होती तेवढीच. मग तो म्हणाला, "गेलं. घेतलं त्यानं सगळं," आणि घाम पुसत बाहेर आला. बोर्डाकडं बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं.

"ही दुसऱ्या खोक्याची असंल," तो म्हणाला.

दोघांनी मिळून वायर धरत धरत आत नेली. त्याच खोक्याची. आणि दुसरी खोकी त्यानं सकाळीच सोडवून कोपऱ्यात ठेवली होती, ओतताना भलत्याला जाऊ नये म्हणून. टेबलावर एकच खोकं, एकच वायर.

मी पिन लावली. दिवा नाही. खोकं होतं तसं मेलेलं.

"मग घेतलं कुनी?" मी म्हणालो.

"वायरीत करंट साठून राहतो कधी कधी," मुजीब म्हणाला. पंखा बंद केला तरी पाती फिरतात की थोडी, तसं असंल, असं मी पण मनाला सांगितलं. पण पाती थांबतात. आणि फिरता फिरता कोणी घास घेत नाही.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं लॅपटॉप उघडला आणि नुसती हाक मारली. खोकं टेबलावर सुद्धा नव्हतं. लॅपटॉपमधनं निघालेली वायर पाईपाच्या खाली जमिनीवर मोकळी पडलेली, तिचं टोक मला दिसत होतं. जवाब आला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणत काय न्हाई. हाय म्हणतंय फक्त."

त्यानं मला पडद्यावरचा आकडा दाखवला. आकडे मला वाचता येतात. जवाब यायला किती वेळ लागला ते तो आकडा सांगतो. शेजारच्या खोक्याचा जवाब लगेच येतो, न्हावऱ्याचा जरा मागनं, परदेशातला लई मागनं. हा आकडा मुजीबनं कधी बघितला नव्हता एवढा मोठा होता.

"म्हंजी लांब हाय," मी म्हणालो.

"लई लांब."

"मग सोड की. कुठं का असंना."

त्यानं शिरूरला जालिंदरला फोन लावला आणि त्याला पण तीच हाक मारायला सांगितली. जालिंदर मोठ्यानं बोलणारा माणूस, फोन लांब धरला तरी मला ऐकू यायचं. "आरं हितनं तर लगेच जवाब येतोय. माझ्याच दुकानात असल्यावानी. तू बसवलास का काय गुपचूप येऊन? चहा तरी प्यायचास."

मुजीब नुसता हं हं करत राहिला. संध्याकाळपर्यंत ते दोघं एकमेकाला आकडे सांगत होते. जालिंदरचा आकडा वाढत गेला. आमचा कमी होत गेला.

"तुझ्याकडं येतंय वाटतं," जालिंदर हसून म्हणाला. मुजीब हसला नाही.

मी खोलीतनं बाहेर आलो आणि शिरूरच्या रस्त्याकडं बघितलं. उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ, सायकलवर दोन पोरी, टपरीवर माणसं. त्या रस्त्यानं काही येतंय असं कोण म्हणेल?

४

सुगरानं मला घरी बोलावून घेतलं. चुलीपुढंच बसली होती, वर बघितलं नाही.

"भाईजान, मुजीब जेवत न्हाई धड. रात्री उठून बसतो. काय लागलंय त्याला तुमच्या त्या खोलीत?"

"माझी खोली काय करती त्याला? त्याच्या वायरी काय ते करत्यात."

"मला वायरीतलं कळत न्हाई. तुम्ही त्याला रोज दिवस मावळायच्या आत घरी आणून सोडा. बस. दुसरं काय मागत न्हाई मी. एकच हाय मला."

मी हो म्हणालो. भावानं बहिणीला हो म्हटलं म्हणजे झालं. तेव्हापासनं रोज संध्याकाळी मी त्याला कॉलर धरून उठवायचो. मोठा माणूस, पण उठायचा. कुरकुर करत माझ्यामागनं चालायचा. दारात सुगरा दिसली की मग मी घरी जायचो.

पण दिवसा तो खोलीतच. आणि आकडा कमी होत चाललेला.

मी भांडलो त्याच्याशी. "बंद कर सगळं. दुसरी जागा बघ. मी किल्लीच घेतो काढून."

"मामू, माझं बिल्ड हाय त्यात. मी हितनं आत गेलो तर वर माझंच नाव येतंय. माझा पासवर्ड चालतोय. कुनीतरी माझं सिस्टिम चालवतंय आन् मला म्हाईत न्हाई कोण. झोप कशी लागंल मला?"

"आत गेलास म्हंजी?"

"आत म्हंजी खोक्याच्या सिस्टिममधी. हितं बसून जाता येतं." मग म्हणाला, "खोकं चालू झाल्यापासनं किती काळ गेला ते खोकं स्वतः सांगतं. ह्यात आपण चार दिवसांमागं सिस्टिम घातलं ना?"

"चारच दिवस झालं की."

"हे सांगतंय तो काळ एका रेघंत मावत न्हाई."

"बिघडलं असंल."

"व्हय, बिघडलं असंल," तो म्हणाला. त्याला वाटत नव्हतं. मला पण नव्हतं.

ती खोली मला नवी नव्हती. उभा जन्म मी तिच्यात आत-बाहेर केलंय. आत बोललं की आवाज बुचात जातो, तोंडासमोरच पडतो, परत येत नाही. पण त्या दिवसांत मी आत बोललो की माझा आवाज जरा उशिरानं, कोपऱ्यातनं, हलका परत यायचा. सामान हललं असंल, टेबल ठेवलंय म्हणून असंल, असं मी म्हणायचो. सामानामुळं आवाज कमी होतो, वाढत नाही, हे मला बर्फवाल्याला कोणी सांगायला नको. तरी म्हणायचो.

मग एका दुपारी मुजीबनं मला नुसतं बोटानं जवळ बोलावलं. पडद्यावर जवाबाच्या रेघा पळत होत्या. आकडा एकाच्या पण खाली गेला होता.

"म्हंजी कुठं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, अगदी हळू, कोणी ऐकू नये असं.

"म्हंजी हितंच, मामू. ह्या खोलीत."

५

तेवढ्यात लाइट गेली. दुपारी रोजच जायची, त्यात काही नवल नव्हतं. खोक्यांचे दिवे एकदम विझले. मुजीबनं लॅपटॉपची वायर काढून टाकली, झाकण मिटलं, आणि त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ते भ्यालेल्या माणसाचं नव्हतं, शिकारीवर निघालेल्या माणसाचं होतं.

"मामू, आता सगळं मेलंय. आता ह्यात एक जरी दिवा पेटलेला दिसला तर तो त्याचा. मला अंधार पायजे. दार लावा बाहेरनं."

"मी न्हाई लावणार."

"थोडा वेळ. मी हाक मारली की उघडा."

"ह्या दारातनं हाक ऐकू येत न्हाई, म्हाईत न्हाई का तुला?"

"मग ठोकून इचारा, तुमच्या त्या जुन्या पद्धतीनं."

ती पद्धत अशी. कारखाना चालू होता तवा आत माणूस असला आणि दार लागलेलं असलं की बाहेरचा माणूस भिंतीतनं जाणाऱ्या लोखंडी पाईपावर, लादी ओढायच्या आकडीनं एक टोला द्यायचा. आतल्यानं एक टोला परत द्यायचा. आला, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. जवाब येतोय तोवर दार फोडायचं नाही, आधी मागं जाऊन बर्फ गोठवायच्या विषारी गॅसचा वॉल फिरवून बंद करायचा, मग दार. नाही तर बाहेरचे पण मरतात. हे आमच्या हाडात बसलेलं. नवीन माणसाला आधी हे शिकवायचो, मग पगार सांगायचो.

मी दार लावलं. माझ्या हातानं लावलं. ते दार जाड, बंद होताना आवाज होत नाही, नुसता दम सोडल्यासारखं होतं. कडी पडली.

पडवीत ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मी आकडी घेऊन पाईपापाशी उभा राहिलो. टोला दिला.

जरा वेळानं आतनं टोला आला.

बरं वाटलं. तपकीर ओढली. पुन्हा टोला दिला. पुन्हा आला. आता उघडावं म्हणून कडीला हात घातला तर कडी उचलेना. गंज धरला होता का, दार फुगलं होतं का, कोण जाणे. त्या सकाळीच ती नीट उघडली होती. मी टोला दिला, आला. म्हणजे पोरगं बरं आहे. तवा घाई नाही, दार फोडायचं नाही, आधी वॉल. मी चालत मागच्या अंगणात गेलो आणि वॉलचं चाक फिरवायला लागलो. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं, गॅस तर कारखान्याबरोबरच गेला. मी एका मेलेल्या चाकाला लोंबकळत उभा होतो. हात आपले फिरवत होते. माझ्या जागी कारखान्यातला कोणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं.

परत आलो. टोला दिला.

जवाब लगेच आला.

माणूस आत बसलेला असतो. टोला ऐकतो, मग हात उचलतो, मग मारतो. मधी श्वासभर वेळ जातोच. मी आयुष्यभर तो श्वास मोजत आलोय, त्याच्यावरनं आतला माणूस थकलाय का, झोपंला आलाय का, मला कळायचं. ह्या जवाबात तो श्वास नव्हता. आकडी पाईपावर आपटते तोच पलीकडनं आवाज.

मी पुन्हा आकडी उचलली. हात हवेत होता. अजून पाईपाला लागला नव्हता.

आतनं टोला आला.

मग मी पहार शोधायला धावलो. धावलो म्हणजे काय, माझ्या वयाला जमेल तसा.

६

कडीवर पहार घालून घालून माझे दोन्ही तळहात सोलले. मुजीबचं नाव घेऊन ओरडत होतो, माझा आवाज तक्त्यात जाऊन पडत होता. टोले चालूच होते. मी मारत नसताना सुद्धा. एक, मग थोडं थांबून एक, कोणीतरी वाट बघत असल्यासारखे. शेवटी कडी तुटली आणि दार दम घेत उघडलं.

उजेडाची एक पट्टी आत पडली, तिच्यात मुजीब दिसला. टेबलाखाली कुशीवर निजलेला, गुडघे पोटाशी. मी वाकून नाकाशी हात नेला. श्वास होता. ऊन ऊन श्वास. अल्लाचं नाव घेतलं.

टोले थांबले होते.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीतनं तो पाईप छताकडं जातो. सगळा गंजलेला, पण एका जागी लोखंड घासून घासून चकचकीत झालं होतं. ती जागा छताला लागून होती. माणसाचा हात तिथं पोचत नाही. तिथं काम निघालं तर आम्ही शिडी लावायचो.

आणि टेबलावर, मुजीबनं परत आणून ठेवलेल्या त्या वीट झालेल्या खोक्याचा एक हिरवा दिवा पेटलेला. पिन बाहेर पडवीत, बोर्डाखाली जमिनीवर पडलेली, मी येताना ओलांडून आलो होतो. दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. मी त्याच्याकडं बघत असताना तो गेला, पुन्हा दिसला. विझला नाही. विझणं वेगळं असतं. त्याच्या आणि माझ्या मधनं काहीतरी गेलं.

माझ्या हाताखाली मुजीब हलला. पापण्या उघडायला लागल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं. शब्द अजून ओठावर यायचा होता.

"मुजीब," अशी हाक आली.

माझ्या पाठीमागनं. माझाच घसा, तपकिरीनं बसलेला. शेवटचं अक्षर मी जसं गिळतो तसंच गिळलेलं.

मुजीबनं डोळे उघडले. मी त्याच्या तोंडासमोर वाकलेलो होतो, माझी दाढी त्याच्या छातीला लागत होती. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्यावरनं मागं बघितलं, आणि चेहरा कसा सैल झाला त्याचा, लहानपणी जत्रेत हरवून सापडला होता तवा झाला होता तसा.

"व्हय मामू," तो म्हणाला.

७

मी मागं वळून बघितलं का? बघितलं. दार उघडं होतं आणि पडवीतलं ऊन होतं. ह्याच्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

मुजीबला उठवलं, बाहेर चल म्हणालो. तो चालला नाही. ओढला तर ओढला जात होता, अंगात जोर लावत नव्हता, पण हात सोडला की परत आत जाऊन बसायचा. जालिंदर शिरूरवरनं मोटारसायकलनं आला. दोघांनी मिळून त्याला घरी नेऊन घातला. उजाडलं तवा अंथरूण रिकामं. अनवाणी खोलीत येऊन बसला होता. डॉक्टरनं तपासलं, नाडी बघितली, म्हणाला तब्येत उत्तम आहे, काम जास्त करतो, एवढंच.

आणि काम खरंच चांगलं करतो. गावातलं इंटरनेट आता बंद पडत नाही. खुटबावपर्यंत लाईन गेली. लोक माझ्यापाशी येऊन तारीफ करतात, "काय हुशार भाचा हाय तुमचा, कासमभाई. एका हाकेत लाईन चालू." मी त्यांना काय सांगू? सांगितलं एकदोघांना. त्यांनी माझ्या वयाकडं बघितलं.

सुगरा आली होती. दारापाशी उभी राहून रडली. मुजीबनं आतनं गोड बोलून तिची समजूत काढली, "अम्मी, काळजी करू नको. मामू हायेत की माझ्याबरोबर. मामू सांगत्यात तसं करतो मी सगळं." तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "भाईजान, तुम्ही हाय म्हणून मला धीर हाय." काय बोलायचं तिला? तो माझ्याबद्दल बोलत नाही, असं?

आता मी रोज पडवीत स्टूल टाकून बसतो. कडी तुटल्यापासनं दार आपोआप मिटत येतं, म्हणून पाय लावून उघडं धरावं लागतं. तहान लागली, लघवीला लागली, तरी मी जास्त वेळ उठत नाही. घरी जाऊन निजलो तर डोळा लागत नाही, मी इकडं आणि तो तिकडं, दार मिटलेलं. मला कुणी कोंडून घातलेलं नाही, किल्ली माझ्याच खिशात आहे, पण कोंडलेला मी आहे. बापूसाहेबांनी निरोप पाठवला, जागा विकायची आहे, सोडा आता. मी म्हणालो, सोडत नाही.

रोज दिवस मावळायच्या आत मी त्याला हाक मारतो. सुगराला हो म्हटलंय. काल पण मारली.

"मुजीब, चल घरी. आई जेवायची थांबलीय."

तो पडद्याकडं बघत होता. बोटं थांबली. मान वळवली ती माझ्याकडं नाही, आतल्या कोपऱ्याकडं, पाईपाच्या बाजूला, वर.

"मामू," त्यानं विचारलं, "दारात कोण बोलतंय?"

आतनं माझ्या आवाजात जवाब आला, थकलेला, जरा वैतागलेला, मी पोरांना बोलतो तसा.

"कुनी न्हाई. दार लाव."

मुजीब उठला. शांतपणे आला. जवळ आल्यावर मी त्याचं तोंड बघितलं, सुगराचंच नाक, सुगराचीच हनुवटी. त्याला मी दिसत नव्हतो. त्यानं दोन्ही हात दारावर ठेवले आणि ढकलायला लागला, रागानं नाही, कामाचा माणूस काम करतो तसा. दार जड आहे. माझ्या नडगीत काहीतरी कडकन वाजलं.

"मुजीब, आरं मी हाय," मी म्हणालो. "मी हाय रं बाहेर."

तो ढकलत राहिला. मी पाय काढला नाही.